पायात असून नसलेला बूट

२ मार्च

वजन आणखी उतरलं. ऑपरेशनच्या आधी दुकानातल्या स्टुलावर बसलो की स्टूल कुरकुरायचं, आता गप्प असतं. पोट लहान करून घ्यायचा निर्णय माझा एकट्याचा होता, हे इथे नोंदवून ठेवतो. घरात त्याचं श्रेय बायकोला दिलं जातं.

डॉक्टरांनी दिलेली व्हिटॅमिनच्या गोळ्यांची पहिलीच बाटली मला अजून पुरते आहे. काटकसर अंगातच असावी लागते. शिवाय गोळ्या आजारी माणसांसाठी असतात.

९ मार्च

सूप घाईत प्यालो, उलटी झाली. गेले काही दिवस रोजच होते. ही म्हणाली, डॉक्टरांना फोन करू का. मी म्हटलं, पोट नवीन आहे, रुळायला वेळ लागणार.

संकल्प: सावकाश खाणे.

दोन्ही पायांना मुंग्या. खरं तर पायांतली चरबी बाहेर पडते आहे. तेव्हा मुंग्या येताहेत म्हणण्यापेक्षा जाताहेत म्हणणं बरोबर.

१० मार्च

सावकाश खाल्लं. उलटीही सावकाश झाली.

२१ मार्च

मोठा दिवस. कंपनीचा एजंट नव्या काळ्या बुटाचं सॅम्पल देऊन गेला. दिवसभर घातला. पायात बूट आहे हे कळलंच नाही. आयुष्य चपला-बुटांत गेलं, पण असा बूट पाहिला नाही.

दुकानातल्या सेल्समनला घालायला लावला. तो म्हणाला, साहेब, करंगळीला लागतो. सेल्समन प्रामाणिक आहे, पण त्याचे पाय नाजूक मनाचे आहेत.

खात्री करायची म्हणून संध्याकाळी माझा जुना बूट घातला. तोही कळला नाही. म्हणजे नव्या बुटाचा गुण पायात मुरतो.

२२ मार्च

माळा भरेल एवढी ऑर्डर देऊन टाकली. ही म्हणाली, अहो, आधी थोडे विकून तर बघा. धंद्यात असं भिऊन चालत नाही. दारावर पाटी लावली: 'पायात आहे हे कळणारच नाही. मालकांचा स्वतःचा अनुभव.'

५ एप्रिल

पोस्टमन बूट परत घेऊन आला. टाच सोललेली. मी त्याला शांतपणे सांगितलं की दोष बुटात नाही, चालण्यात आहे. कसं चालायचं ते चालून दाखवलं आणि आरशावर आपटलो. दुकानाची फरशी एका बाजूला उतरली आहे. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.

पोस्टमनला पैसे परत दिले, पण मनापासून नाही.

७ एप्रिल

गवंड्याला बोलावलं. त्याने लेव्हलपट्टी ठेवून दाखवली, बुडबुडा बरोबर मध्ये. म्हणाला, फरशी सरळ आहे, तुम्हीच तिरके उभे आहात. आजकाल लेव्हलपट्ट्यासुद्धा पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

१२ एप्रिल

दुकानातून चालत घरी आलो. मुलीने दार उघडलं आणि विचारलं, बाबा, दुसरा बूट कुठाय? खाली पाहिलं. उजव्या पायात नुसता मोजा, तोही चिखलाने भरलेला.

बूट इतका हलका आहे की निसटला तरी कळत नाही. हा मुद्दा पाटीवर घ्यावा का, यावर विचार चालू. मुलगी बॅटरी घेऊन बूट शोधायला गेली. पेट्रोल पंपापाशी सापडला म्हणे. परत येऊन म्हणाली, तुम्ही पाय आपटत चालता, जिन्यात सगळ्यांना कळतं कोण येतंय. मी म्हटलं, वजन उतरलं की चालीत रुबाब येतो.

१५ एप्रिल

तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि बेसिनखाली बसलेला सापडलो. साबण बदलायचा.

रात्री ही माझ्या पायाशी बसली होती. मी पेपर वाचत होतो. तिने विचारलं, काही कळतंय का? मी म्हटलं, कळतंय की, मालाचे भाव वाढणार. ती म्हणाली, मी तुमचा अंगठा चिमटीत धरलाय. मी लगेच म्हटलं, हो, तेही कळतंय. ती म्हणाली, आता सोडला.

उद्यापासून तिने माझ्याकडे असं बघायचं नाही, हे तिला स्पष्ट सांगणार.

१९ एप्रिल

ज्या दिवसाची वाट पाहत होतो तो दिवस. सिक्युरिटी कंपनीचे मॅनेजर आले. त्यांच्या सगळ्या गार्डना बूट हवे होते, माळा एका दिवसात मोकळा झाला असता. मी सकाळपासून नवा कोरा जोड घालून तयार.

ते म्हणाले, आमची माणसं दिवसभर उभी असतात. मी म्हटलं, बघा तर, आणि दारापासून काउंटरपर्यंत चालत निघालो. काउंटर गाठण्याआधी खोक्यांचा ढीग आला. तो आधी नव्हता असं माझं मत, सेल्समनचं वेगळं.

मला उठवून बसवलं. मॅनेजरसाहेबांनी स्वतः माझा बूट काढला. आतून कागदाचा बोळा निघाला, ओलावा शोषणारी पुडी निघाली आणि शेवटी बूट चढवायची पत्र्याची पट्टी. सकाळपासून तिघं माझ्याबरोबर आत होती. मोजा रक्ताने लाल.

मॅनेजरसाहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, किती दिवस झाले हे? मी म्हटलं, सॅम्पल आल्यापासून.

ऑर्डर मिळाली नाही. सेल्समनने हिला फोन केला. मी त्याला करू नकोस म्हटलं होतं.

२० एप्रिल

नसांचे डॉक्टर. वयाने लहान, स्वभावाने हट्टी. चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क वाजवून माझ्या पायाच्या अंगठ्याला लावला, विचारलं, थरथर जाणवते? मी म्हटलं, चिमटा बंद पडलाय. त्यांनी तोच माझ्या कपाळाला लावला. दात वाजले.

मग डोळे मिटायला सांगून म्हणाले, अंगठा वर नेतोय की खाली, सांगा. मी ठामपणे म्हटलं, वर. ते म्हणाले, मी अजून धरलेलाच नाही.

निदान: बी-वन आणि बी-ट्वेल्व्ह, दोन्ही तळाला. उलट्यांनी होतं तेही गेलं. नसा उपाशी आहेत म्हणाले. व्हिटॅमिन घेत होतात का विचारलं. मी म्हटलं, माझ्या पद्धतीने. हिने सांगितलं, घेत नव्हते. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर डोळे आणि डोकंही गेलं असतं. मग लगेच ॲडमिट.

ही बाहेरच्या बाकावर बसून रडली. मला पाहून म्हणाली, सर्दी झाली आहे. या घरात खोटं बोलायची सवय कोणाला कशी लागली, कळत नाही.

३ मे

इंजेक्शनं चालू. उलट्या थांबल्या. दुकान ही सांभाळते. तिने पाटी काढली आणि बूट एक नंबर मोठा द्यायला सुरुवात केली. खपताहेत म्हणे. हे माझ्याही मनात आलं असतं.

नर्स रोज अंगठा दाबून विचारते, कळतंय? पहिले काही दिवस हो म्हणालो. आज नाही म्हटलं. तिने तेवढंच लिहून घेतलं, ओरडली नाही.

१४ जून

दुकानात पहिला दिवस, काठी घेऊन. गोळी सकाळी सगळ्यांसमोर घ्यावी लागते, जीभ बाहेर काढून दाखवावी लागते.

हट्टाने तोच काळा बूट घातला, माझ्याच मापाचा. थोड्याच वेळात डावी करंगळी अशी पेटली की डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अभिनंदन. हिने काउंटरमागे नाक शिंकरलं.

एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा कसा आहे? मी म्हटलं, चावतो. तो सँडल घेऊन गेला.

उजव्या पायाला मात्र बूट अजूनही फार आवडतो.