झेंड्याचं दुसरं टोक

पेण,
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

ती. महिपतीकाका यांस,
नूतनचा नमस्कार. गिरजाकाकूंनाही सांगा.

काकूंचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या हर्षदची शिफ्ट बदलली का? इकडे गणपतींच्या गाड्या भरायला लागल्यात, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. वाचनालयाच्या मागच्या भिंतीला पुन्हा ओल आलीय.

मी तुम्हाला सहा-सात वेळा फोन केला. तुम्ही उचलत नाही, त्यात तुमचं चुकतंय असं म्हणत नाही. म्हणून पत्र. आमच्या आळीतला सुशील तुमच्या रोह्याला कंपनीत जातो, त्याच्या हाती देतेय.

काका, झेंड्याचं काहीतरी झालंय. म्हणजे मीच केलंय.

वाचनालयाच्या शिपायाचं काम तुमच्यानंतर माझ्याकडे आलं, तेव्हापासून सगळं तुमच्यासारखं करते. उजाडलं की चढवते, मावळायच्या आत उतरवते. कप्पीला तेल घालते. भिजला तर वाचनालयाला लागूनच्या माझ्या शिलाईच्या खोलीत पंख्याखाली वाळवते. पण खाडीचा वारा तुम्हाला माहीतच आहे. खांबापासून लांबची कड फडफडून विरते, दोरे सुटतात. तुम्ही म्हणायचात, "कड गेली म्हंजे झेंडा गेला. उतरवायचा नि दुसरा मागायचा. कापायचा नाय."

मला तो तुमचा हट्ट वाटायचा. मी पडले शिलाईवाली. विरलेला काठ कापून दुमडायचा, शिवण मारायची, एवढंच तर काम. गेल्या सप्टेंबरात दोन इंच कापले, दुहेरी टीप मारली. झेंडा नवाकोरा दिसायला लागला. चिटणीस धनेशदादांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मग डिसेंबरात, मार्चमध्ये आणि जूनमध्ये. प्रत्येक वेळी दोन इंच.

काल पंधरा ऑगस्टसाठी इस्त्रीला घेतला आणि मधोमध दुमडला. चक्र घडीवर येईना. पुन्हा दुमडला, टेप लावली. चक्र चार इंच बाजूला आलंय. सहा फुटांचा झेंडा मी आठ इंच खाल्ला, आणि दुसऱ्यांच्या ब्लाउजचं माप सुतासुताने बघणारी मी, मला वर्षभर दिसलं नाही.

धनेशदादांना सांगितलं तर म्हणाले, "टेप घेऊन कोण बघणार गो? शुक्रवार जाऊ दे, मग नवा बघू." पेणमध्ये तीन दुकानं फिरले. एवढ्या मापाचा नाही, मागवला तर आठ दिवस.

आणि आज सकाळी मी तोच झेंडा चढवला. खोटं कशाला सांगू, रिकाम्या खांबाची भीती वाटली. दिवसभर मशीनवर बसले होते आणि कान बाहेर दोरीकडे. पेपर वाचायला आलेल्या कोणी वर बघितलं की माझं मशीन थांबायचं. बाही उलटी जोडली, ती उसवत बसले.

रिकाम्या खांबाची भीती मला का वाटते, ते तुम्हाला सांगायला पाहिजे. दोन पानं टाळलं.

गेल्या वर्षी तुम्ही विरलेला झेंडा उतरवलात आणि नवा येईपर्यंत पंधरा दिवस खांब तसाच ठेवलात. तेव्हा समितीत कोणीतरी सांगितलं की झेंडा शिवून चालला असता, काकांना आता काम होत नाही, ते कारणं सांगतात. ते सांगणारी मी होते. मला कोणी विचारलंही नव्हतं. चहा द्यायला आत गेले होते आणि बोलून बसले. नोकरी हवी होती म्हणून बोलले असंही असेल. बावीस वर्षांनी तुम्हाला एका नारळावर घरी पाठवलं, तेव्हा मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या. तुम्हाला कळलं असणार, म्हणूनच फोन उचलत नसाल. कळलं नसेल तर आता कळलं.

परवा, बुधवारी पाच वाजता समितीची मीटिंग आहे. मी सांगणार आहे की हा झेंडा मी कापून बिघडवला, शुक्रवारी तो चढणार नाही, आणि महिपतीकाका बरोबर होते. पाहुण्यांसमोर खांब रिकामा राहिला तर माझं काम जाईल. जाऊ दे असं लिहितेय खरी, पण पगाराशिवाय महिन्याचा हिशोब दोनदा मांडून बघितला. उद्यापासून खांब मी रिकामाच ठेवणार, तेवढं ठरवलंय.

एकच मागणं आहे. तुम्ही होतात तेव्हा रोज संध्याकाळी हाक मारायचात, "नूतन, टोक धर गो," आणि मी मशीन सोडून धावत यायचे. तुम्ही गेल्यापासून मी एकटीच कापायच्या टेबलावर घडी घालते. एक बाजू नेहमी लोंबते, ती जमिनीला लागेल म्हणून जीव मुठीत धरते.

ह्या झेंड्याची आता शेवटची घडी. नंतर तुम्ही सांगायचात तसा, कोणाच्या नजरेसमोर नाही, नीट अग्नीला द्यायचा. बुधवारी याल का? माझ्याशी बोलू नका हवं तर. मीटिंगलाही येऊ नका. नुसते मागच्या दाराने या आणि एक टोक धरा. सहापर्यंत मी तो उघडाच टेबलावर ठेवते.

दुसरं टोक धरून उभी असलेली,
नूतन