मागच्या सीटवर

रविवार, संध्याकाळ

आज माहेरून, चांदवडहून, मी आणि पाच महिन्यांची ईरा, दोघीच गाडीने आलो. निघताना आईने तिची दृष्ट काढली. "मिरच्यांचा ठसकाच नाय आला, लय नजर लागली होती. आता नाय रडायची." हायवेला लागलो आणि कार्टीने भोकाड पसरलं. गाणी म्हटली, खिडकी उघडली, काही नाही. गाडी बाजूला घेऊन संदीपला फोन केला. तो नाशिकलाच, अंबडच्या कंपनीत, रविवारच्या शिफ्टला. म्हणे, "अगं, रडून रडून झोपेल." रडून रडून! ऐकायला हा होता का गाडीत?

शेवटी एका ढाब्यापाशी थांबले आणि मागे तिच्याशेजारी जाऊन बसले. तिने माझं बोट धरलं आणि गप्प झाली. भूक नाही, दृष्ट नाही, शेजारी कुणीतरी हवं होतं, बस. मग समोरचं रिकामं स्टिअरिंग दिसलं. आता चालवणार कोण?

बोट सोडवून घेतलं. तेच मनातून जात नाहीये. नाशिकपर्यंत रडली, पार्किंगमध्ये शिरताना झोपली.

संदीप आला, पाळण्यात डोकावून म्हणाला, "बघ, झोपली ना रडून रडून?"

मी हो म्हटलं आणि कुकर लावायला गेले.