सातव्या मिनिटापुढे

३ फेब्रुवारी
आज परत सातव्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद पडला. पूजाचा आवाज मधेच तुटतो — तान अर्धीच. ती जाऊन अकरा महिने झाले. डेंग्यूचा ताप, पाच दिवस. एकोणीस वर्षांची पोर माझी. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर गाण्याचं एकच रेकॉर्डिंग आहे. रोज तिच्या टेबलाशी बसून लावतो. पुढे सरकवून ऐकत नाही. तिचं गाणं सुरुवातीपासूनच ऐकायचं.

५ फेब्रुवारी
डिचोलीला गेलो. तिथे सिद्धेश कॉम्प्युटर दुरुस्त करतो. म्हणाला, "काका, प्रोसेसर तापला की बंद होतो. त्याच्यावरचं थर्मल पॅड सुकून गेलं असणार. ते खरवडून पेस्ट लावायची. नाहीतर गाणं मोबाईलवर घालून देतो." नको म्हटलं. तिच्या वस्तूला मीच हात लावीन.

घरी पद्मावतीला सांगितलं. भात वाढता वाढता म्हणाली, "असू दे तो तसाच. सात मिनिटं पुरो."

पुरो? आई ना ही तिची? ताटावरून उठलो.

६ फेब्रुवारी
दिवसभर बोललो नाही तिच्याशी.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
म्हापशाच्या बाजारातून पेस्टची ट्यूब आणली. दुपारी कॅबिनेट उघडलं. पंख्यात धूळ, आणि तिचा एक लांब केस. तो कागदात बांधून ठेवला. खाणीच्या वजनकाट्यावर तीस वर्षं ट्रक मोजले, असलं नाजूक काम कधी केलं नव्हतं. पॅड वाळल्या चिखलासारखं — पापुद्रे निघाले. प्लास्टिकच्या कार्डाने खरवडलं, स्पिरिटने पुसलं. पेस्टचा तांदळाएवढा ठिपका. वर पंखा बसवला.

लावलं. सात मिनिटं झाली. आठ. पोर गातच होती. मी रडत होतो, पण बरं वाटत होतं.

अकराव्या मिनिटाला रेकॉर्डिंगमध्ये दार वाजलं. मग माझाच आवाज — "पुरो गो ही आरडाओरड! परीक्षा डोक्यावर आलीय. बंद कर ते."

ती म्हणाली, "हां, बाबा."

खट्. संपलं.

१० फेब्रुवारी
सकाळी पद्मावतीला विचारलं, तुला ठाऊक होतं? चहा गाळत होती. मान वर केली नाही. "ती गेली त्याच आठवड्यात ऐकलं मी, तेव्हा तो बंद पडत नव्हता. तुमच्या कानांवर पडू नये, एवढंच वाटत होतं."