बफरचे चार दिवस

प्रिय योहान,

छबूबाईंनी हे पत्र तुझ्या हातात दिलं असेल आणि त्यांच्याच ओट्यावर बसून तू ते फोडलं असशील. आधी शेवटपर्यंत वाच, मग शेजारी आमच्या दाराकडे जा. मोबाईलवर लिहिलं असतं तर तू अर्ध्यातच फोन केला असतास, आणि तुझा आवाज ऐकला की माझं काय होतं ते तुला पुरतं ठाऊक आहे. ‘लग्न अठ्ठावीसला ना, मग मी सव्वीसला येतो, पप्पांच्या पाया पडतो, हे लग्न मोडू’ असा तुझा मेसेज आला. हे त्याचं उत्तर.

आपली ओळखच मुळी एका खोट्या तारखेवरून झाली. एमआयडीसीतल्या त्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात मी खरेदी विभागात नवी होते आणि तू प्लॅनिंगला. सहा तारखेला लोखंडाचे बार हवेतच, असा तुझा कागद आला. मी पुण्याच्या सप्लायरशी भांडभांड भांडून सहाला टेम्पो दारात उभा केला, आणि ते बार चार दिवस स्टोअरमध्ये नुसते लोळत पडले. स्टोअरचा छगन हसून म्हणाला, “मॅडम, योहानसायबाची तारीख म्हंजी चार दिस म्होरं धरायची. खरी तारीख ते कुनालाच सांगत न्हाईत.” मी तणतणत तुझ्या टेबलाशी आले. तू शांतपणे चहा मागवलास आणि मला बफर समजावून सांगितलास. ऑर्डर सुरू होण्याआधी दोन दिवस मोकळे ठेवायचे, माल उशिरा आला तर. संपल्यावर दोन दिवस ठेवायचे, मशीन बसलं तर. म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली तारीख चुकत नाही. माणसं उशीर करणारच, त्यांच्यावर चिडण्यापेक्षा त्यांच्यासाठी जागा ठेवावी, असं तू म्हणालास. किती मोठ्या मनाचा माणूस, असं वाटलं मला. तेवीस वर्षांची होते, दुसरं काय वाटणार?

पुढे तुझे ते दिवस सगळ्यांनाच कळले. मी त्यातले दोन खाल्ले, सप्लायरने दोन खाल्ले, मग तू चाराचे सहा केलेस. कुणीच कुणाला खरं सांगत नव्हतं आणि काम मात्र चालत होतं. मग नवे मॅनेजर आले. माल फार पडून राहतो म्हणून त्यांनी कॉम्प्युटरमधला सगळा बफर शून्यावर आणायला लावला. ते काम तूच केलंस, आणि मला सांगितलं नाहीस. मी तुझी तारीख नेहमीसारखीच वाचली आणि बार चार दिवसांनी आणवले. लाइन बंद पडली, आणि मेमो मला मिळाला. मीटिंगमध्ये तू समोरच होतास. तारखा बदलल्याचं खरेदी विभागाला कळवलं नव्हतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. तू वहीत बघत बसलास. दुपारी कँटीनमध्ये तुझ्या ताटातला वडा माझ्या ताटात ठेवून म्हणालास, “अगं, मी बोललो असतो तर दोघांचंही नाव खराब झालं असतं.” आणि मी तो वडा खाल्ला. मेमोपेक्षा त्या वड्याचीच मला आजवर लाज वाटते.

लग्नाचंही तू तसंच केलंस. आधी बहिणीचं, एंजेलाचं होऊ दे म्हणालास. तिचं झालं. मग चाकणची नोकरी, मग तिथला फ्लॅट. ईस्टरपर्यंत बोलतो म्हणायचास, आणि मी मनातल्या मनात त्यात दोन महिने घालायचे. पप्पांनी विचारलं की त्यांना आणखी पुढची तारीख सांगायचे, म्हणजे तू खोटा ठरायला नको. चार वर्षं मी तुझ्यासाठी जागा ठेवत राहिले, आणि तू त्या जागेत पाय पसरून झोपलास.

राहुरीचं स्थळ आलं तेव्हा मी तुला फोन करून सांगितलं होतं. दहा सप्टेंबरच्या आत मिरजगावहून तुझ्या आईंना घेऊन ये, पप्पांना शब्द दे, नाहीतर ते तिकडे होकार कळवतील. यापेक्षा सोपं कसं सांगतात मला माहीत नाही. दहाला पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून बाहेरच्या खोलीत बसून होते. मी पोहे भिजवले, वाट पाहिली, मग तसेच पातेल्यात राहू दिले. संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि राहुरीला फोन लावला. तू बाराला आलास. आईंना घेऊन, पेढे घेऊन, हसत हसत. दारातच मला हळूच म्हणालास, “मला वाटलं तू पण दोन-तीन दिवस हातचे ठेवले असशील.” योहान, तुझ्यासारखी तारीख देणं मला जमतं, असं तू धरून चाललास. मी तुला तोवर एकही खोटी तारीख दिली नव्हती. आईंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांना तू काहीच सांगितलं नव्हतंस.

स्टीफन शाळेत शिकवतो. पाचला येतो म्हणाला की पाचला येतो. पहिल्यांदा तो भेटायला आला तेव्हा मी केससुद्धा विंचरले नव्हते, कारण पाच म्हणजे साडेसहा असं माझ्या अंगात मुरलं होतं. तो भला आहे. माझं त्याच्यावर प्रेम आहे असं मी लिहिणार नाही. तुझ्यावर आहे, तो राग धरूनसुद्धा आहे, आणि तेच मला सहन होत नाही.

आता दाराकडे बघ. कुलूप आहे. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नावं वाचतात, तशी आमची तिसऱ्यांदा वाचली गेली ती सोळाच्या रविवारी, आणि लग्न परवाच झालं, चोवीस तारखेला. अठ्ठावीस ही मी तुला सांगितलेली तारीख. चार दिवस मी त्यात घातले होते. घरच्यांखेरीज खरी तारीख इथे छबूबाईंनाच ठाऊक होती, आणि त्यांना मी शपथ घातली होती. तू फसावास म्हणून हे केलं असं समजू नकोस. चोवीसच्या आधी तू या दारात उभा राहिला असतास, तर दिलेला शब्द, पप्पा, कशाकशाचा विचार न करता मी तुझ्याबरोबर निघाले असते. तेवढा वेळ मला तुझ्या हाती द्यायचा नव्हता. खरी तारीख सांगितली असती तर तू बावीसला आला असतास का, हे आता मला कधीच कळणार नाही. ते मी स्वतःच्याच हातांनी मिटवलं. पप्पा उद्या राहुरीहून परततील, त्यांना भेटू नकोस.

एके काळची तुझीच,
मरिया