आपसातलं भांडण

बाबा, तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी केव्हाच आलो. शाळा चौथीपर्यंतचीच, तेव्हा चुका होतील. सकाळपासून तीन कागद फाडले. 

गेल्या महिन्यात वाडीला एका ट्रक ड्रायव्हरच्या भाड्याच्या खोलीत दुपारची प्रार्थना होती. त्याच्या बायकोने प्रार्थनेनंतरचा चहा गॅसवर ठेवला होता. बाहेरून आवाज आला, "जय ख्रिस्त!" आपल्या माणसाशिवाय असा नमस्कार कोण करतं? मीच उठून कडी काढली. सात-आठ जण आत घुसले. पहिली काठी बाजाच्या पेटीवर पडली, मग माणसांवर. "लोकायचा धरम बदलवून राहिले काय बे?" एकाने पवित्र शास्त्र फाडायला घेतलं. ती बाई आडवी गेली, तर त्याने तिचा हात उंबऱ्यावर दाबून वर बुटाचा पाय दिला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी पातेलं उचललं आणि उकळता चहा त्याच्या तोंडावर ओतला. तो लोळतो आहे, ओरडतो आहे, आणि मी रिकामं पातेलं त्याच्या डोक्यात घालतो आहे. एकदा नाही, तीनदा.

लहानपणी मी एकाचं नाक फोडलं होतं, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात फुंकणीने माझी पाठ सोलली होती. "दुसरा गाल पुढं कराचा, समजलं?" म्हणत मारत होतात. मी रडत विचारलं, "मंग तुम्ही काहून मारता?" आई तोंड फिरवून हसली. तुम्ही फुंकणी टाकून बाहेर गेलात. 

मी आता आपल्या चर्चच्या मंडळीचा पंच आहे. आमचे तरुण पाळकसाहेब निवडणुकीच्या मंचावर पुढाऱ्याशेजारी बसतात. त्यांनी मला सहीसाठी एक कागद आणून दिला: भांडण आपसातलं होतं, बाहेरून कोणी आलं नव्हतं. बदल्यात पुढारी कब्रस्तानाला भिंत बांधून देणार.

"काका, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, असं शास्त्रातच आहे."

"खोटी साक्ष देऊ नको, हेही त्यातच आहे."

"मंडळी वाचली तर शास्त्र वाचंल ना! काहून डोकं लावून राहिले?"

तेवढ्यात ती बाई प्लास्टर घातलेला हात घेऊन आली. "आपसात भांडलो? मंग माहा हात कोनं मोडला, भाऊ? तुम्ही?" पाळकसाहेब खाली पाहू लागले. ती माझ्याकडेच बघत राहिली. बाकीचे साक्षीला तयार नव्हते. तिची पोलिसांतली तक्रार माझ्या एकट्याच्या शब्दावर उभी होती.

तिच्यासमोर मी सही केली, बाबा.

घरी सांगितलं, भिंतीसाठी केली, तुमची कबर तिथे आहे ना. ते खरं नाही. तक्रार पुढे गेली असती तर मी काय केलं तेही निघालं असतं, एवढीच भीती होती. हे पत्र कोणाच्या हाती देण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो: पहिल्या फटक्यातच तो निपचित पडला होता. पुढचे दोन मला बरं वाटत होतं म्हणून मारले.