डाकोटाचं दार कुणी नेलं?

राजिवडा, रत्नागिरी
१९ जानेवारी २००४

आदरणीय फैझानभाई यांस मजीदचा सलाम.

शारजात तुमच्या पोटाचं दुखणं थांबलं असेल, अशी उमेद आहे. इथे आम्ही तिघे खुशाल आहोत. म्हणजे तुमची बहीण मैमुना माझ्याशी बोलत नाही आणि शेजारचा धोंडू सुतार चहाला येत नाही, एवढं सोडून. कारण सविस्तर लिहितो.

तुम्ही तुमच्या अब्बांसाठी पाठवलेलं डाकोटा विमानाचं प्लास्टिकचं किट मिळालं. पण खोक्यातलं विमान प्रवाशांचं आणि अब्बांनी अठरा वर्षं मेकॅनिक म्हणून ज्याची सेवा केली ते मालवाहू. म्हणून मागाहून तुम्ही रेझिनचे सुटे भाग धाडलेत, मालाचं रुंद दार आणि वजनाने दबल्यासारखी दिसणारी चाकं. (मैमुनाने पुडी उघडली, पिवळट तुकडे पाहिले आणि "ही कुणाची हाडकं?" म्हणून हात धुऊन आली.) जूनमध्ये अम्मी गेल्या तेव्हापासून अब्बा "हां" आणि "नको" या दोन शब्दांवर दिवस काढतायत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हटलं, आपलं विमान हाताला लागलं तर तिसरा शब्द निघेल.

विमानाची कूस करवतीने कापली. रेझिनची भुकटी छातीला वाईट, म्हणून तुकडे पाण्यात घासले. (भांडं तांदूळ धुवायचं निघालं. मैमुनाच्या अबोल्याचं हे पहिलं कारण.) किटातला गोंद रेझिनला धरेना. मग चपलांचा झटपट गोंद आणला, त्याने आधी माझी दोन बोटं धरली, नंतर दार. सोमवारी दार बसलं, चाकंही बसली. मंगळवारी दार गायब, जागी नुसतं भगदाड! बुधवारी चाकंही गेली.

आता मला सांगा, संशय कुणावर घ्यायचा? धोंडू आदल्या दिवशीच माझ्या पॉलिश पेपरकडे टक लावून बघत होता. त्याला चंची पालथी करायला लावली. सुपारी, कात, चुन्याची डबी निघाली. "आता लेंगा पण सोडू काय?" एवढं विचारून तो गेला. मग मी पिठाचे डबे तपासले, ते मैमुनाने पाहिलं. (दुसरं कारण.) अब्बांवर मात्र संशय घेतला नाही, कारण मोतीबिंदूमुळे त्यांना वर्तमानपत्राचा मथळासुद्धा दिसत नाही.

शुक्रवारी नमाजला निघाल्याचं दाखवलं आणि चपला हातात घेऊन मागल्या दाराने परत आलो. पडवीत अब्बा! मांडीवर विमान, बंडीच्या खिशात दार आणि चाकं, आणि बोटांनी कूस चाचपत बसलेले. माझी चाहूल लागली तरी मान वर केली नाही.

"दार डावीकडे असतं, गाढवा," ते म्हणाले. "उजवीकडे कापलंस. आणि चाकाची दबलेली बाजू जमिनीला टेकते, आभाळाला नाही!"

फैझानभाई, सात महिन्यांनी हा आवाज ऐकला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नाक ओढल्याचं त्यांनी ऐकलं, शिवी लागली असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी "बरं, अर्धा गाढव" अशी सूट दिली. तेव्हापासून विमान त्यांच्या ताब्यात आहे, मी फक्त पॉलिश पेपर कापून देतो आणि बोलणी खातो.

आपला,
मजीद

ता. क. : अब्बांना कॉकपिटच्या आतला रेझिनचा संच हवाय. नाजूक असतो, टपालात मोडेल, तेव्हा फैझानने स्वतः घेऊन यावं, असं म्हणतात.

ता. क. २ : दुकानात जाऊ नका, तिकीट काढा. तो संच मी गेल्या महिन्यातच मुंबईहून मागवून कपाटात लपवलाय. अब्बांना तो परवा सापडला. तरी त्यांनी मागणी मागे घेतलेली नाही.