कोल्ड स्टोरेज परिशिष्टात

मंगळवार, संध्याकाळ. स्टेट कॉलेज

एका छोट्या बेटदेशाने आधी काय उभारावं, यावरच्या रिपोर्टच्या माझ्या ड्राफ्टमध्ये मच्छीमारांसाठी कोल्ड स्टोरेज पहिलं होतं. आज प्रोफेसरांनी फायनल कॉपी पाठवली. पहिल्या नंबरवर आता मोठं बंदर, कोल्ड स्टोरेज थेट परिशिष्टात! विचारलं तर म्हणाले, "असं जास्त नीट वाटतं."

नीट कुणाला? बंदर बांधणारी कंपनीच या रिपोर्टचा खर्च करतेय, हे मला आजच कळलं. योगायोग? मला नाही वाटत.

बसमध्ये मारिया भेटली. ती त्याच देशाची, वडील मासेमारी करतात. तिने विचारलं, "रिपोर्टमध्ये कोल्ड स्टोरेज घेतलंय ना?"

"घेतलंय," मी म्हणाले. खोटं नव्हतं, तरी तिच्याकडे बघवेना.

घरी येऊन प्रोफेसरांना मेल केली, रिपोर्टवरून माझं नाव काढा. पुढच्या सेमिस्टरची असिस्टंटशिप, म्हणजे माझी फी आणि पगार, त्यांच्याच हातात आहे, हे पाठवल्यावर आठवलं.